अर्धा कोयता

जेफरसनची उलटतपासणी सोपी असते. १७७६ मध्ये सगळी माणसे समान जन्मतात असे लिहून दिले आणि आयुष्यभरात सहाशेवर माणसे मालकीची बाळगली. आपल्याकडचा कुठलाही वक्ता यावर तासभर बोलेल. पाप परक्याचे असले की आवाज खणखणीत लागतो.

घरचे सांगा म्हटले की घसा बसतो.

तिकडे निदान क्रम तरी सुधारणेचा आहे. संस्थापकांनी गुलाम ठेवले; वारसांनी आपसात लढून का होईना, १८६५ मध्ये ती प्रथा मोडली. आणि आमच्याकडे? शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत डचांना बजावले, माझ्या मुलखात बाया-माणसे गुलाम म्हणून विकत घ्यायची नाहीत. पुढे पेशवाईत कुणबिणींची राजरोस खरेदी-विक्री चालली, सरकारी कोठ्यांतही त्या राबल्या. संस्थापकाने मनाई केली, वारसांनी पावती फाडली.

यावर पोवाडा ऐकलाय कुणी?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकनांना. आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील, अशी त्यांना आशा होती. देशबांधवांनी फुल्यांचे पुतळे उभारले.

आता धाराशिवला या. १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा, भाषण, रझाकारांचे जुलूम. खरेच आहे सगळे. पण निजाम जाण्याच्या सात वर्षे आधी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, आज याच जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्यात बाबासाहेब आंबेडकर आले होते, महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन म्हणजे काय? सांगावा घेऊन धावा, मेलेले ढोर ओढा, सरकारी माणूस आला की हातचे टाकून हजर व्हा. आणि हे सारे पिढीजात. निजाम बसला होता हैदराबादेत. हाक यायची ती गावच्या चावडीवरून.

भाषणात चावडी येत नाही. वक्त्याचे आजोबा तिथेच बसलेले असतात.

२०२३ मध्ये जिल्ह्याच्या पाटीवरून निजामाचे नावही उतरले. आता उरलेली बाकी कुणाच्या खात्यावर मांडायची?

अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रतिनिधी मोजताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरले होते. केवढी नामुष्की! आमच्या राज्यघटनेत असले काही नाही. तेविसाव्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही आहे. फक्त ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा आला तर अर्धा. तीन-पंचमांशापेक्षाही कमी, मुकादम जुन्या अमेरिकनांहून काटकसरी निघाला.

गुलामी नव्हे हो, करार आहे! उचल घेतलीय ना? फिटेपर्यंत तोडायचा ऊस. नाही फिटली तर पुढचा हंगाम आहेच.

आणि कारखाने? त्यांतले कितीतरी सहकारी. एक सभासद, एक मत, काय सुंदर तत्त्व! ऊस लावणारा सभासद, तोडणारा मजूर. मताचा प्रश्नच मिटला.

दसऱ्याला तुळजापुरात भवानीचे सीमोल्लंघन होते. मग नऊ दिवस लढून दमलेली देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. त्याच सुमारास कळंब, वाशी, भूमच्या कोयत्यांचे सीमोल्लंघन सुरू होते, मुलाबाळांसकट ट्रॅक्टरमध्ये बसून. त्यांच्यापैकी कुणी ताप आला म्हणून एक दिवस पडून राहिले, की मुकादम खाडा मांडतो. दंड उचलीत चढतो.

बाई आजारी असली तरी खाडा जोडीचा.