कांद्याचा डॉक्टर

आमचा भाचा डॉक्टर झाला. माणसांचा नव्हे, कांद्याचा. चाळीतल्या उन्हाळी कांद्याला कोंब का फुटतात, यावर त्याने सहा वर्षं घालवली. लासलगावच्या आसपासच्या चाळींतून वजनघट, सड आणि कोंब यांचे रकाने भरले. फेलोशिप २०२३ साली महिना ४२,००० झाली. त्यातला ‘महिना’ हा शब्द मात्र सरकारी अर्थाने घ्यायचा. पदवीनंतर तासिका तत्त्वावर शिकवलं. तास रोजचे, मानधन परीक्षा उरकल्यावर.

एक दिवस म्हणाला, “मामा, कन्सल्टिंगमध्ये जातो.”

पहिल्या मुलाखतीत विचारलं, पुण्यात रोज किती वडापाव खपतात? हा प्रामाणिकपणे म्हणाला, “पाहणी करावी लागेल. निदान तीन हंगाम.” घरी पाठवला. दुसऱ्या ठिकाणी तोच प्रश्न. आता गडी शहाणा झाला होता. “पन्नास लाख माणसं धरू. दहात एक खातो. पाच लाख.”

“आणि संकष्टीला?”

“दहा टक्के वजा.”

जागच्या जागी निवड! साबुदाणावडा कोणत्या रकान्यात धरायचा, हे कुणी विचारलंच नाही.

तशी ही वाट प्राध्यापकांना शंभर वर्षं ठाऊक आहे. १९२६ साली मॅकिन्झी कंपनी काढणारे जेम्स मॅकिन्झी शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्रच शिकवत होते. पुढे १९७०च्या सुमारास बोस्टनच्या सल्लागारांनी जगातले सगळे धंदे चार चौकटींत कोंबले: तारा, गाय, कुत्रा आणि प्रश्नचिन्ह. भाच्याने पहिल्याच महिन्यात कांदा त्यांत बसवून पाहिला. भाव चढला की तारा, डिसेंबर २०२३सारखी निर्यातबंदी आली की कुत्रा, एरवी प्रश्नचिन्ह. गाईची चौकट रिकामीच राहिली; कांदा नेमाने दूध देत नाही.

प्रबंधात निष्कर्ष शेवटच्या प्रकरणात होता, तोही ‘असे दिसून येते’ अशा बेताने. इथे तो पहिल्याच स्लाइडवर, ठळक अक्षरात. पुरावा मागे जोडायचा. मागे कुणी जात नाही.

परवा नाशकात शेतकरी कंपनीपुढे सादरीकरण होतं. बत्तीस स्लाइड. दिवे लागल्यावर अध्यक्षांनी पिशवीतून चार कांदे काढून टेबलावर ठेवले. “साहेब, चाळीत दोनशे क्विंटल पडलाय. काढू का थांबू?”

भाच्याने एक कांदा उचलला, देठापाशी अंगठा दाबला, वास घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला त्याच्या विषयातलं काही विचारलं होतं. मान मऊ पडली होती. ‘उद्याच काढा’ हे शब्द ओठांवर आले, तेवढ्यात टेबलाखालून त्याच्या वरच्या साहेबांनी पाय दाबला.

“ते आपण दुसऱ्या टप्प्यात पाहू,” भाचा म्हणाला.

प्रबंधाचं शेवटचं वाक्यही हेच होतं: या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. फक्त तेव्हा त्यावर अठरा टक्के जीएसटी नव्हता.