फॉरमॅट मारून बघा!

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काहीही न्या. घरघरणारा स्पीकर न्या, नाहीतर मुका झालेला भोंगा न्या. काउंटरमागचा पोरगा वस्तू हातात घेण्याआधीच निदान सांगतो. ‘कार्ड गेलंय. फॉरमॅट मारावं लागंल.’

डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतात हो!

आमचे साडू भोकरदन तालुक्यात मका करतात. कणसं भरली की रानडुकरं रात्रपाळीला हजर. म्हणून साडूंनी बांधावर बॅटरीचा भोंगा टांगला. भोंग्यात मेमरी कार्ड, कार्डात कुत्र्यांचं भुंकणं आणि मधूनमधून माणसाची आरोळी. आठ दिवस झकास चाललं. नवव्या रात्री भोंगा गप्प. डुकरांना ते दहा मिनिटांत कळलं, साडूंना सकाळी.

मग दुकान. मग फॉरमॅट. भोंगा एकदम ठणठणीत झाला. फक्त कुत्री गेली.

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यावं, एवढं पहिलीतल्या पोराला कळतं. दुकानात मात्र कोणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही.

अमेरिकेतल्या शहाण्यांचंही हेच. तिकडे पोलिसांचं, अग्निशमन दलाचं वायरलेस बोलणं ऐकण्याच्या छंदापायी लोक रेडिओ स्कॅनर बाळगतात. युनिडनच्या एसडीएस १०० मध्ये कोण कुठे बोलतो याची सगळी जंत्री नखाएवढ्या कार्डात असते. एखादा पठ्ठ्या ते कार्ड कॉम्प्युटरला लावतो, सरसकट पुसतो आणि वर म्हणतो, स्कॅनर बिघडला! मग कंपनीच्या सेंटिनेल सॉफ्टवेअरने जंत्री पुन्हा भरत बसा.

जालन्यात असा स्कॅनर आणायची हौस आलीच, तर जरा दमानं. त्या जंत्रीत अमेरिका आहे, कॅनडा आहे, अंबड-परतूर नाही. शिवाय वायरलेस यंत्राला परवाना हवा, हे आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय. एकेकाळी साध्या रेडिओचीसुद्धा फी पोस्टात भरावी लागायची.

ऐकायचं काय, तर बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम. तरी लायसन!

असो. खरा चोर वेगळाच आहे. ‘६४ जीबी, फक्त दीडशे रुपये!’ वेष्टनावर ६४, कॉम्प्युटरही ६४ च दाखवतो, आणि आत असतात ८. कार्डातली चिपच खोटं बोलायला शिकवलेली. बडा घर, पोकळ वासा. पहिले ८ जीबी सुरळीत चालतात, म्हणून दुकानातल्या दोन गाण्यांच्या परीक्षेत कार्ड पास. पुढचा माल एकतर जुन्यावर चढतो किंवा हवेत विरतो. नावं दिसतात, गाणी नसतात.

मतदार यादीचा अनुभव असलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

याला फॉरमॅट काय करणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कार्ड गच्च भरायचं आणि सगळं परत वाचून बघायचं, हीच खरी परीक्षा. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. वेळ लागतो. वेळ कोणाला आहे?

कधी उलटंही होतं. ६४ चं कार्ड अगदी अस्सल, पण जुना स्पीकर ते ओळखतच नाही. अशी मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने मांडून येतात आणि जुन्या यंत्राला फॅट३२ पलीकडचं वाचता येत नाही. कार्ड निर्दोष, यंत्र निरक्षर. शिक्षा कार्डाला. खरं तर फॉरमॅट लागू पडतं ते इथेच, फॅट३२ चं. पोरगा नेमका इथे म्हणतो, ‘नवीन घ्या.’

आणि धूळ? कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवला की निम्मी कार्डं ‘सुधारतात’. खोडरबर पाच रुपयांचा. पाच रुपयांत दुकान कसं चालायचं?

साडूंचं कार्ड त्याच जातीचं निघालं. पट्ट्यांवर मळ आणि रात्रीचं दव, बाकी काही नाही. पण हे समजेपर्यंत दुकानदाराने पुसलेल्या कार्डात, ग्राहकाचा मान म्हणून, हळदीची शंभर गाणी फुकट भरून दिली होती.

आता मक्यात रात्रभर डीजे वाजतो. डुकरं यायची ती येतातच. शेजारचे शेतकरीही येऊ लागलेत, काठी घेऊन.