उघडा, डबल एक्सेल

माझे आजोबा घरात पंचा नेसत. फक्त पंचा. त्या पंच्यावर ते ओटीवर बसून तलाठ्याशी वाद घालत, जावयाचं स्वागत करत आणि गावातल्या भांडणांचा निवाडाही देत. वर शर्ट हवा असं त्यांना कधी वाटलं नाही, समोरच्यालाही वाटलं नाही. मी त्यांचा सख्खा नातू. दाराची बेल वाजली की मी आधी शर्ट शोधतो, मग दार उघडतो. तोवर कुरिअरवाला शेजारी पार्सल ठेवून निघून गेलेला असतो. पोहायला शिकायचं ठरवून मी दोनदा फी भरली आहे आणि दोन्ही वेळा कपडे बदलायच्या खोलीतून घरी परत आलो आहे.

अशा माणसाने परग्रहावरच्या नागडेपणावर नाटक लिहावं, यातच पुढचं बरंचसं आलं.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी करमणुकीचा कार्यक्रम असतो. मुलं दरवर्षी त्याच तीन गाण्यांवर नाचतात, म्हणून बैठकीत मी म्हणालो, ‘‘यंदा काहीतरी विचार करायला लावणारं करू या.’’ सोसायटीच्या बैठकीत सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडतं, हे वीस वर्षं राहूनही माझ्या लक्षात राहत नाही. शिवाय विज्ञानकथा हा माझा हळवा कोपरा. मी तिथल्या तिथे कथानक सांगितलं : कपडे हा प्रकारच माहीत नसलेल्या ग्रहावरून एकजण आपल्या गच्चीवर उतरतो आणि वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना विचारत सुटतो, ‘‘हे अंगावर काय आणि कशासाठी?’’

‘‘म्हणजे ‘पीके’,’’ खजिनदार म्हणाले.

‘पीके’ नव्हे, हे सिद्ध करायला मी अर्धा तास घेतला. एडगर राइस बरोज नावाच्या अमेरिकन लेखकाने १९१२ सालीच हा उद्योग करून ठेवला होता. त्याचा नायक जॉन कार्टर ॲरिझोनातल्या एका गुहेत देह सोडतो आणि थेट मंगळावर जागा होतो, तोही अंगावर सुतळीचा तोडा नसताना. पण त्याची लाज जायला तिथे कोणी कपड्यातलं असायला हवं ना! मंगळावर सगळेच तसे. अंगावर फक्त दागिने आणि हत्यारं अडकवायचे पट्टे. ते थक्क होतात ते याच्या उड्या बघून, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण कमी. त्यानंतर एकशे दोन वर्षांनी सिनेमातला आपला पीके उलट दिशेने आला आणि तसाच राजस्थानात उतरला, तर पहिल्याच भेटीत त्याच्या गळ्यातलं यंत्र चोरीला गेलं. मंगळवाल्यांनी पाहुण्याची तारीफ केली, आपण पाहुण्याचं लॉकेट मारलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘दागिने घालतात ना पण? मग ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या. मंगळावरच्या या दागिनेवाल्या बायका अंडी घालतात, हे मी सांगायचं टाळलं. चातुर्मास चालू होता.

मला आता चेव आला होता. १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत बेटाझॉइड नावाची जमात आहे. त्यांच्या रूढीप्रमाणे लग्नात वधू-वरांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे विवस्त्र असतात. यावर खजिनदार पहिल्यांदाच खुलले. ‘‘म्हणजे मानपानाच्या साड्यांचा प्रश्नच मिटला की!’’ त्याच मालिकेतले फेरेंगी मात्र पुरुष तेवढे नटतात आणि बायकांना कपडे घालायला कायद्याने बंदी. बायकांनी नफा कमवायलाही बंदी. ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९५ सालच्या एका भागात एक म्हातारी फेरेंगी आई घरात चक्क कपडे घालून बसते आणि गुपचूप धंदा करून बख्खळ पैसा कमावते, तेव्हा मुलगा तिला समज द्यायला घरी येतो.

ही गोष्ट मी रात्री बायकोलाही सांगितली. ती मटार सोलत होती. ‘‘मग कपडे आहेत की नाहीत हा मुद्दाच नाही. कोणी ठरवलं हा मुद्दा आहे,’’ ती म्हणाली. ते वाक्य मी तिचं नाव न घेता नाटकात घातलं. सगळ्या नाटकात तेवढंच वाक्य चांगलं होतं असं नंतर अनेकांनी सांगितलं.

आता मुख्य भूमिका. कुठलेही आईबाप आपलं मूल त्या भूमिकेसाठी द्यायला तयार होईनात, आणि ते बरोबरच होतं. सेक्रेटरींनी तर ‘पीके’च्या पोस्टरची आठवण काढली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रुळांवर उभा असलेला, समोर फक्त ट्रान्झिस्टर धरलेला आमिर खान झळकला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘‘न्यायालयाने ती याचिका फेटाळली,’’ मी म्हणालो. पण आमची पार्किंगची केस अजून चालू असल्यामुळे सेक्रेटरींना न्यायालयाचं नावच नको होतं. ठरलं असं, की भूमिका लेखकाने स्वतः करावी आणि सभ्यता राखून नागडं दिसावं.

सभ्यता राखून नागडं दिसण्याचं सामान भाड्याने मिळतं. नाटकाचे कपडे देणाऱ्या दुकानात मी आवाज खाली आणून अडचण सांगितली. मालकांनी मान वर न करता विचारलं, ‘‘कुठल्या टाइपचा उघडा पाहिजे? आदिमानव, टारझन, का नुसताच?’’

टारझनही त्याच बरोजचा आणि त्याच १९१२ सालचा, ही माहिती मी त्यांना दिली. ‘‘टारझनचं डिपॉझिट जास्त आहे,’’ ते म्हणाले. मी नुसताच घेतला.

नुसताच म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध लायक्रा, मागे चेन. रंग म्हणे कातडीचा. कोणाच्या कातडीचा ते कळेना. मी चांगला सावळा आहे. ते प्रकरण जखमेवरच्या चिकटपट्टीच्या रंगाचं होतं. ‘‘लाइट मारला की कळत नाही,’’ मालक म्हणाले. माप फक्त एक्सेल शिल्लक होतं. ‘‘ताणतं,’’ ते म्हणाले. पावतीवर मात्र त्यांनी माझ्याकडे एकवार बघून डबल एक्सेल लिहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी कळलं, की उघडं दिसायला किती कपडे लागतात. लायक्रा पारदर्शक वाटते म्हणून आत बनियन. बनियनची कड बाहेरून दिसते म्हणून त्यावर पोट आवळणारा पट्टा. खाली नेहमीची, आणि तिच्यावर बायकोच्या आग्रहाखातर पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट. मग तो अंगरखा, बायको आणि मुलगी दोन्हीकडून ओढत असताना चढवलेला. माझ्या स्वतःच्या लग्नात मी याच्या निम्म्याने कपडे घातले होते. एच. जी. वेल्सचे मंगळवाले कपडे वापरत नाहीत. ते जवळजवळ नुसते मेंदूच उरले आहेत आणि आपण शर्ट बदलावा तसे गरजेप्रमाणे वेगवेगळे यांत्रिक देह अंगावर चढवतात. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९८ साली आलं. त्यातली ही कल्पना मला आजवर फार उंच वाटायची. त्या दिवशी आरशासमोर मी दुसऱ्याचा देह भाड्याने घालून उभा होतो, आणि त्याची चेन पाठीच्या मध्यावर अडकली होती.

‘‘सेफ्टी पिन लावते. तुम्ही फक्त पाठ फिरवू नका,’’ बायको म्हणाली.

डोक्यावरच्या स्प्रिंगच्या शिंगांना थर्माकोलचे गोळे लावायचे राहिले होते. ते घरी विसरलेले. म्हणून लिफ्टने वर गेलो, आणि परत खाली येताना तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. एक अख्खं कुटुंब आत आलं : पैठणी, जाकीट, मिठाईचा खोका आणि एक आजी. मी गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेला होतो. लिफ्टमधल्या कोणाहीपेक्षा माझ्या अंगावर कापड जास्त होतं. तरीही माझे दोन्ही हात आपोआप पुढे आडवे आले आणि मी ती लायक्रा झाकून उभा राहिलो. जाकीटवाले गृहस्थ लिफ्टच्या क्षमतेची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आजींनी मात्र मला खालपासून शिंगापर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अरे, पोराला कोणीतरी पंचा तरी द्या.’’ पोराचं वय अठ्ठेचाळीस.

मग प्रमुख पाहुणे उशिरा आले, आरती झाली, संगीत खुर्चीची बक्षिसं झाली. भाद्रपदातल्या उकाड्यात मी पडद्यामागे तास-सव्वा तास शिजत होतो. ‘द नेक्स्ट जनरेशन’मधल्या नटांबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली. पहिली दोन वर्षं त्यांना असेच अंगाला चिकटणारे, मुद्दाम लहान मापाचे गणवेश होते आणि त्यांच्या पाठी धरल्या होत्या. तिसऱ्या वर्षी लोकरीचा दोन भागांचा गणवेश मिळाला, तर बसता-उठता त्याचा वरचा भाग चढायला लागला. कप्तान पिकार्ड तो सारखा खाली ओढत. चाहत्यांनी त्या ओढण्याला त्यांच्या नावाचा ‘डावपेच’ म्हणून बिरुदच दिलं. माझं जे चढत होतं ते ओढायचं तर कुठून ओढायचं हे कळत नव्हतं.

पडदा उघडला. वॉचमन झालेल्या माझ्या मुलीने रजिस्टर पुढे केलं. ‘‘कोणाकडे जायचंय?’’ टाळ्या पडल्या. मी पुढे आलो, छाती काढली (पट्ट्याने जेवढी काढू दिली तेवढी) आणि म्हणालो, ‘‘आमच्या गोळ्यावर कोणी कपडे घालत नाही. लाज काय असते हे आम्हांला ठाऊक नाही.’’ हे म्हणताना मी उजव्या हाताने मांडीवरची लायक्रा खाली ओढत होतो. दिवा मारला तरी कळत होतं. मग, तालमीत ठरलं नसताना, प्रभाव पडावा म्हणून मी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि आकाशाकडे हात पसरले.

पहिल्या रांगेतून एक साडेतीन वर्षांचा आवाज आला. ‘‘आई, यानं कपडे घातलेत! मागे चेन आहे!’’

गोष्टीतल्या राजाचं निदान उलट झालं होतं. मी गर्रकन वळलो, हात वरच होते. सेफ्टी पिन सुटली, आणि तो आवाज मला माईकमधून परत ऐकू आला, लांबलचक, कापडाच्या दुकानात ताग्याला कात्री घालून पुढचं फाडतात तसा. मानेपासून कमरेच्या खालपर्यंत परग्रह उघडला. आत पट्टा, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट.

मुलगी हजरजबाबी आहे, आईवर गेली आहे. ‘‘साहेब, काय नोंद करू? येताना कपडे होते का नव्हते?’’ तिने विचारलं. मंडप कोसळायचा बाकी राहिला.

इथे आमच्या गोळ्यावरचा कोणीही शांतपणे उभा राहिला असता आणि पुढचं वाक्य म्हणाला असता. आजोबाही राहिले असते. पुढचं वाक्य तेच होतं, बायकोचं. मी ते न म्हणता बाजूच्या बांबूला बांधलेला शुभेच्छांचा फ्लेक्स ओढून काढला आणि अंगाभोवती गुंडाळला. हात जोडून हसणारे नऊ शुभेच्छुक छातीवर, पाठीवर आणि नको तिथे घेऊन मी प्रेक्षकांच्या मधून वाट काढत जिन्याकडे पळालो. लिफ्ट घेतली नाही. मागून कोणीतरी ‘‘अजून एकदा!’’ म्हणत होतं. पायऱ्यांवर ती आजी पुन्हा भेटली. तिने बाजूला होऊन मला वाट दिली आणि या वेळी समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी सामान परत द्यायला गेलो. मालकांनी ते काउंटरवर पालथं पसरलं, उसवण बोटाने शेवटपर्यंत मोजली आणि पावतीपुस्तक ओढलं. डिपॉझिटमधून तीनशे कापले. पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर लिहिलंय : ‘उघडा माणूस, नग १. पाठ फाटली. शिंगं परत आली.’