हबशास्त्री

रविवारी सकाळी सिंहगड उतरून आलेली सायकलवाली मंडळी भज्यांवर तुटून पडतात, तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ कुणाच्या तरी मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले दिसतात. हेल्मेट अजून डोक्यावर, चहा गार. सायकलचा मालक कोण, कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांची ओळख थेट चाकाशी. मागच्या चकत्या बोटाने उलट्या फिरवत ते कान देऊन ऐकतात आणि शेवटी मान वर करून विचारतात, "हे गळ्यात कुणी मारलं तुमच्या?"

ग्रुपमध्ये त्यांना हबशास्त्री म्हणतात. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींचंच काम, फक्त इथे वधू कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आणि वर हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. कॅसेट देखणी आहे, घराणं मोठं आहे, सगळं मान्य. पण खाचा जुळत नसतील तर एकनाड. जुन्या हबांना ३६ स्पोक असायचे, त्यामुळे छत्तीस गुणांचा विनोद अटळ आहे. तो ते दर रविवारी करतात.

"माझी २१ गिअरची आहे," असं सांगणाऱ्याची त्यांना कीव येते. २१ हा पुढच्या ३ आणि मागच्या ७ चकत्यांचा गुणाकार. त्यावरून हबचं गोत्र कळत नाही. ते कळतं असं: चकत्या उलट्या फिरवायच्या आणि मधोमध, हत्यार बसतं त्या खाचांकडे बघायचं. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. जागच्या जागी राहिल्या तर हबच्या आट्यांवर आवळलेलं फ्रीव्हील, आणि त्या हबवर कुठलीही कॅसेट बसणार नाही. "चाक बदलावं लागेल," हे वाक्य शास्त्रीबुवा सर्जनच्या आवाजात उच्चारतात. मग सांत्वन म्हणून सांगतात, की सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीची सुरुवातसुद्धा १९२१ मध्ये जपानमधल्या साकाई शहरात फ्रीव्हीलपासूनच झाली होती. समोरच्याचं सांत्वन होत नाही.

शास्त्रीबुवांना खरा रंग चढला तो मागच्या दिवाळीत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने सेलमध्ये शिमानो डिओरची १२ स्पीड, १०-५१ दात्यांची कॅसेट मागवली. सायकल चार वर्षं जुनी, ९ स्पीडची. लक्ष्मीपूजनात खोक्याला हळदकुंकू वाहून झालं आणि पाडव्याला कॅसेट हबवर चढेना. आधी तेल लावून पाहिलं, मग लाकडी ठोकळा आला, मग फोन.

"ठोकलंस का?" शास्त्रीबुवांचा पहिला प्रश्न.

मुलगा गप्प.

"किती वेळा?"

मग निरूपण सुरू झालं. कॅसेट जिच्यावर चढते, त्या जुन्या हबच्या बॉडीला हायपरग्लाइड म्हणतात. तिच्यावर ९ रुंद खाचा आणि सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची. १० दात्यांची चकती इतकी लहान, की त्या बॉडीवर तिला जागाच नाही. म्हणून स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स-वनबरोबर एक्सडी ही वेगळी बॉडी आणली, आणि शिमानोने २०१८ मध्ये १२ स्पीडच्या एक्सटीआरबरोबर मायक्रो स्प्लाइन, तिला २३ बारीक खाचा. तिघी बहिणी शोभतात, पण एकीच्या बांगड्या दुसरीच्या हातात चढत नाहीत. कितीही साबण लावा.

हब जरा वरच्या दर्जाचं असतं तर नुसती बॉडी बदलून भागलं असतं. अनेक कंपन्या आपल्या हबसाठी या बॉड्या सुट्या विकतात. या हबला तशी बॉडी नव्हतीच. उरले दोन उपाय: स्रॅमची एनएक्स ईगल, १२ स्पीड, ११-५०, जी हायपरग्लाइडवरच बसते, नाहीतर डिओरचीच ११ स्पीड, ११-५१. "चढाला ५१ मिळतायत ना? मग उतारावर १० काय नि ११ काय! सिंहगड उतरताना पायडल मारतोस कशाला?" मुलाने ११ स्पीड घेतली आणि शिफ्टर, डिरेलर, चेन तिच्याच घराण्यातले. आधीची कॅसेट दुकानदाराने परत घेतली नाही. ठोकल्याच्या खुणा होत्या.

किरकोळ दोष ते जागेवरच काढतात. रोड सायकलच्या ११ स्पीडची बॉडी जुन्यापेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब. तिच्यावर १० स्पीडची डोंगरी कॅसेट चढवली, की लॉकरिंग आवळूनही चकत्या खुळखुळतात. अशा वेळी चिल्लर ठेवायच्या पाकिटातून एक चकचकीत स्पेसर बाहेर येतो. जुन्या ७ स्पीडवाल्यांसाठी ४.५ मिलिमीटरचा निराळा. हा देताना ते चेहरा असा करतात, जणू अंगारा देतायत. लॉकरिंग मात्र ४० न्यूटन मीटरलाच. अंदाजाने आवळणाऱ्याच्या हातातून पाना काढून घ्यायलाही ते कमी करत नाहीत. हबची रुंदी १३५, १४२ की १४८, हा विषय भज्यांच्या दुसऱ्या ताटलीनंतर निघतो आणि तोवर मंडळी पांगलेली असतात.

घरी या विद्येला फारसा मान नाही. एकदा सुटी फ्रीहब बॉडी वेलदोड्याच्या डबीत ठेवली गेली, आणि आठवडाभर घरच्या चहाला ग्रीसचा वास आला. काकूंनी डबी बदलली. नवरा बदलण्याचा विचार, त्यांच्याच शब्दांत, "आता उशीर झाला" म्हणून सोडून दिला.

एक गोष्ट सांगायला हवी. डोक्यावरचं ते हेल्मेट स्कूटरचं आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांना सायकलवर कुणी पाहिलेलं नाही. त्यांची स्वतःची सायकल योग्य फ्रीहबची वाट बघत गॅलरीत उलटी उभी आहे. पण म्हणून त्यांचा शब्द हलका समजायचं कारण नाही. पैसे भरण्याआधी त्यांना गाठलेल्या एकाचीही कॅसेट अजून घरी पडून राहिलेली नाही.

तुम्हीही गाठा. फक्त जाताना मागचं चाक न्या. गेल्या पावसाळ्यात एक जण पुढचं घेऊन गेला होता. ते सोपं निघतं म्हणे.