शुगर निघाली

आमच्या वाशीकडं शुगर होत नाही, निघते. विहिरीला पाणी निघतं, दगडाखाली विंचू निघतो, तशी. त्यातलं पाण्याचं काही सांगता येत नाही, सहाशे फूट बोअर मारलं तरी नुसता धुरळा उडतो. शुगर मात्र पहिल्या सुईला निघते. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, अशीच निघाली. गुडघा दाखवायला गेले होते. गुडघा राहिला बाजूला, शुगर घेऊन घरी आले.

दुसऱ्या कुणाची निघाली असती तर मी चहातली साखर बंद करून मोकळी झाले असते. पण तात्यांनी चाळीस वर्षं खव्याची भट्टी चालवलेली. पहाटे चारला जाळ, कढईत म्हशीचं दूध, हातात उलथणं. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा. बालाघाटाच्या या माळावर पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरोघर म्हैस; दूध शहरापर्यंत पोचेस्तोवर नासणार, म्हणून ते आटवायचं. अशा धंद्यात हयात गेलेल्या माणसाला "गोड बंद" सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यापासून लांब रहा म्हणण्यासारखं.

त्यात आमचा शेजार कुंथलगिरीचा. हे जैनांचं सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे, आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी इथंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्याच कुंथलगिरीच्या नावानं इथला खवा आणि पेढाही ओळखला जातो. खव्याला आता भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. म्हणजे डोंगर चढताना माणूस सगळं सोडायचं मनात आणतो आणि उतरताना त्याच्या हातात अर्धा किलोचा पुडा असतो. तात्या तर चढायच्या आधीच पुडा घेणाऱ्यांतले.

"सुनबाई," ते म्हणाले, "गोळ्या खाईन, चालायला जाईन, कारल्याचा रस पण पिईन. पेढ्याचं तेवढं काय ते तुम्ही बघा."

मी बघायचं ठरवलं.

आमच्या गल्लीत प्रत्येक बाईला शुगरमधलं कळतं. पहिला सल्ला आला गुळाचा. "गूळ चालतो की, नैसर्गिक असतो." मी सेंद्रिय गूळ आणून शेंगदाण्याचे लाडू वळले. आणि रात्री पोराचं विज्ञानाचं पुस्तक चाळताना सहज वाचत गेले, तर कळलं की गुळातही बहुतेक भाग साखरच. लुगडं बदलून आलेली. आता अठरा लाडवांचं काय करायचं? अन्न टाकायचं नाही ही आत्याबाईंची शिकवण. म्हणजे माझ्या सासूबाईंची. लाडू मी संपवले.

मग खजूर. खजुरात लोह असतं, चोथा असतो, सगळं असतं. आणि वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते. हे मला खजूर, बदाम आणि खसखशीची बर्फी थापून झाल्यावर समजलं. बदामाचा भाव बघता ती टाकणं हे पापच होतं. तीही मीच संपवली.

तिसरा प्रयोग स्टीव्हियाचा. ही एका झाडाच्या पानांतून काढलेली गोडी, साखरेच्या दोनशे ते तीनशे पट. हा आकडा डब्यावर वाचला, पण हाताला कुठं वाचता येतं? हाताला सवय वाटीची. मी हात आवरून, अगदी आवरून, एक चमचा खव्यात घातला. हिशेबानं ती किलोभर साखर झाली. पेढा जिभेवर ठेवला तर आधी काहीच नाही, मग गोडीचा लोंढा आणि मागून कडुनिंबाची आठवण. ताट ओट्यावर रात्रभर उघडं राहिलं आणि सकाळी बघते तर एक मुंगी फिरकलेली नाही. आमच्या ओट्यावर मुंगी येत नाही ही घटना मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिली.

तात्यांनी त्यातला एक पेढा बोटांत दाबून बघितला. खाल्ला नाही. भट्टीवाला माणूस आधी बोटानं खातो. "वजन न्हाई याला," ते म्हणाले. "साखर नुसती गोडीला घालत न्हाईत बाई. ती खव्याला धरून ठेवती, टिकवती. हा उद्या भुसभुशीत होणार, परवा बुरशी धरणार." बुरशी धरायच्या आत मी तेही पेढे... पुढचं सांगायला नको.

"मग साखरच नको," मी म्हणाले. "नुसत्या खव्याचा पेढा करू. वेलदोडा घालून. शुद्ध, बिनसाखरेचा."

तात्या हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "बिनसाखरेचा खवा?" ते म्हणाले. "आवं, साखर नसती तर कढईत तो तांबूस कशानं झाला असता? बुडाला लागतंय ते काय असतंय?"

मी हिशेब मांडला. शंभर ग्रॅम दुधात पाचेक ग्रॅम दुधातलीच साखर. पाच लिटर दूध आटवलं की पाणी उडून जातं, साखर कुठं जाणार? किलोभर खव्यात पावशेराच्या आसपास साखर आधीपासूनच बसलेली असते. तिची गोडी उसाच्या साखरेच्या साधारण एक षष्ठांश, म्हणून जिभेला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षं कढई घासून तात्यांना जे कळलं ते मला वहीत भागाकार करून कळलं. ते नुसत्या खव्याचे पेढे मात्र झाले झकास. डॉक्टरांनी तात्यांना एकाची परवानगी दिली. उरलेले तेवीस.

दरम्यान कुणीतरी तात्यांना दीक्षित डाएटचं सांगितलं. शेजारच्या लातूरला डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ही चळवळ उभी केली. दिवसात दोनदाच जेवायचं, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपायचं. तात्यांनी त्यातलं "पंचावन्न मिनिटं" तेवढं मनावर घेतलं. "आम्ही आजवर दहा मिनिटांत उठत होतो," ते म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटं वाया गेली म्हणायची." आत्याबाईंनी ताट उचललं तेव्हा कुठं त्यांना त्या पद्धतीचा अर्थ समजला.

शेवटी मार्ग निघाला तो आत्याबाईंच्या हातून, आणि तोही गाजावाजा न करता. पुरणाला आमच्याकडं डाळीइतकाच गूळ घालायची रीत. आत्याबाई दर सणाला मूठभर गूळ मागं ठेवायला लागल्या आणि त्याच्या जागी सुंठ, जायफळ, वेलदोडा वाढवायला लागल्या. पाडव्याला एक मूठ, नागपंचमीला दुसरी. बैलपोळ्यापर्यंत गूळ निम्म्यावर आला आणि तात्या "आज पुरण झकास झालंय" म्हणत होते. पोळी एकच, तीही जेवणाच्या मध्ये, भाजी-आमटीच्या सोबत. रानात चालत जाणं सुरू झालंच होतं. येळवशीच्या सणाला खिरीत गूळ इतका बेतानं होता की मला ती अगोड लागली; तात्यांनी दोन वाट्या मागितल्या, एक मिळाली.

मी मात्र माझे प्रयोग सोडले नाहीत. अंजिराची वडी केली, रताळ्याचा हलवा केला, नाचणीचे लाडू केले. तात्या प्रत्येकाची बोटानं परीक्षा घ्यायचे, चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि ताट माझ्याकडं सरकवायचे.

संक्रांतीनंतर तात्यांची, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायची होती. ही तपासणी मोठी चुगलखोर. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात काय काय खाल्लं ते सगळं सांगतात. आलेच आहे तर म्हणून, तात्यांना सोबत म्हणून, मीही बाही वर केली.

रिपोर्ट तात्यांनी वाचले. चष्मा पुसून, दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून. त्यांचा आकडा ८.६ वरून ७.१ वर आला होता. मग माझ्या कागदावर त्यांची नजर गेली, आणि भट्टीवर खवा बरोबर उतरल्यावर यायचा तसा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला.

"६.३," ते म्हणाले. "काठावर हाय. सुनबाई, तुमची निघायच्या बेतात हाय की!"

घरी आल्या आल्या त्यांनी नातवाला हाक मारली. आमच्याकडं रिकाम्या हातानं चांगली बातमी सांगायची पद्धत नाही.

"बाळ्या, सायकल काढ. पेढे आण."

"किती, आजोबा?"

"पावशेर. सगळ्या गल्लीत एक एक दे." आणि तो फाटकाशी पोचला तेव्हा मागून ओरडून, "आईच्या हातात पुडा देऊ नको रे!"