याद्यांचा हंगाम

आयपीएलचा लिलाव जवळ आला की याद्यांना ऊत येतो: कोण हिरा, कोण कोळसा, कोणावर किती कोटी लागणार. या शास्त्राची परीक्षा घ्यायला अमरावतीचा जितेश शर्मा एकटा पुरे. 2016 साली मुंबईने त्याला 10 लाखांत घेतले आणि एकही सामना खेळवला नाही. 2022 मध्ये पंजाबने 20 लाख मोजले. 2024 च्या जेद्दामधल्या लिलावात बंगळूरने 11 कोटी ओतले. यादीवाले म्हणतील, मधल्या काळात पोरगा सुधारला. सुधारला ना, बेस झालं! पण मग तुमची यादी भविष्य सांगत नव्हती, कालचा भाव वाचून दाखवत होती. अकोल्याच्या बाजारात कापूस घेणारा व्यापारी निदान बोटांनी धागा ओढून बघतो, ओलावा चाचपतो; इथे मोबाइलवरच्या तीन षटकारांवर प्रतवारी उरकते.

दुसरा आक्षेप ठरलेला: रणजी वेगळी, ट्वेंटी-ट्वेंटी वेगळी. कबूल. तरी विदर्भाच्या हर्ष दुबेने 2024-25 च्या रणजी हंगामात 69 बळींचा विक्रम केला, आणि आयपीएलचे दार उघडले ते हैदराबादचा एक खेळाडू जायबंदी झाल्यावर, 30 लाखांत. म्हणजे पारखीचे काम शेवटी दुसऱ्याच्या दुखापतीने केले. अमेरिकेतले जाणकारही काही वेगळे नाहीत. अमेरिकन फुटबॉलच्या 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, टॉम ब्रेडीचा नंबर लागला 199 वा. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. त्याला खाली ढकलणारे? ते तोवर पुढच्या वर्षीच्या यादीला लागले होते, त्याच आत्मविश्वासाने.