घंटीवाले भाऊ

नरखेडात कुणाच्या घरी पाय ठेवला की भाऊ पाणी मागत नाहीत, फोन मागतात. स्वतःचं चॅनल उघडतात, सबस्क्राइब करतात, घंटी दाबतात आणि फोन परत देताना म्हणतात, "काही खर्च नाई जी, फुकट आहे." मग पिशवीतून वही काढून तुमचं नाव लिहितात. वही मूळची पोरीच्या लग्नातल्या आहेराची. पुढच्या पानांवर अमक्याचे एकशे एक, तमक्याचं पातळ. मागच्या पानांवर आता सबस्क्रायबर. हिशेब तोच. त्याने केलं की आपणही त्याच्या चॅनलला करायचं. काटोल, जलालखेडा, मोवाड, पार पांढुर्ण्यापर्यंत व्यवहार आहे. ही देवाणघेवाण यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. "आहेर काय चोरी असते का?" मी गप्प बसलो.

भाऊंना जाहिरातीतला वाटा पाहिजे. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. सबस्क्रायबरांचं वहीवर भागतं. तास कुठून आणायचे? रात्री घरातले चार फोन गव्हाच्या कोठीवर रांगेत टेकवायचे, आवाज बंद, व्हिडिओ चालू. वहिनी पाणी प्यायला उठल्या की अंधारात चार नवरे ओठ हलवताना दिसतात. "इथं एक झेपत नाई," त्या म्हणतात. कमाई १० डॉलरवर गेली की गूगल पत्ता तपासायला टपालाने पिन पाठवतं, हे भाऊंनी कुठंतरी ऐकलंय. पोस्टमनचा चहा तेव्हापासून सुरू आहे.

व्हिडिओ म्हणाल तर एकच: आंबिया बहाराची फळगळ. झाडाखाली संत्र्यांचा सडा, त्यातलं एक उचलून भाऊ देठ दाखवतात. तोच व्हिडिओ तीन मथळ्यांनी चढवलेला. चित्रात संत्रं भोपळ्याएवढं. गळीवर उपाय शेवटी सांगतो म्हणतात, आणि शेवटी, "पुढच्या व्हिडिओत पाहू." त्यांच्या स्वतःच्या बागेतली फवारणी राहून गेली आहे. शूटिंगला सकाळचाच उजेड चांगला पडतो ना.

एका तेरवीला तर पंगत बसायच्या आत त्यांनी मंडपातले एकोणीस फोन उरकले. कर्त्या मुलाचा शेवटी घेतला. तेवढी रीत पाळली.

गेल्या आठवड्यात आकडा ९९४ झाला. पेढे सांगून ठेवले होते. सकाळी पाहतात तर ९३७. यूट्यूब अधूनमधून खोटी खाती झाडून काढतं, मी म्हटलं. भाऊंना ते पटेना. त्यांच्या मते वऱ्हाड जेवलं आणि जाताना आहेर उचलून घेऊन गेलं.

दुपारी वही घेऊन दारात हजर. एकेका नावापुढे लाल खूण करत गाव पालथं घातलेलं, सदरा घामानं चिंब.

"तुमचं पाहू जरा."

मी फोन दिला. सबस्क्राइब होतं, घंटीही होती. भाऊ ओशाळले, खुर्चीत टेकले आणि चक्क पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला, वही मिटली, पुन्हा उघडली.

"वहिनीचा फोन कुठी आहे जी?"